उघड्या पाठीचा हेडफोन

एका जंगलात, जिथे रस्ता अजून पोहोचला नव्हता पण घरपोच पार्सल पोहोचत होतं, केशवराव नावाचं एक अस्वल राहत असे.

मुलांनो, अस्वल म्हटलं की तुम्हाला नखं आठवतात. केशवरावांनाही नखं होती, पण त्यांनी ती जन्मभर कागदाला टोचण्या लावायलाच वापरली. ते मधमाशी खात्यात साहेब होते. तीस वर्षं पोळ्यापोळ्यांवर जाऊन तपासणी केली. तीस वर्षं कानात भुणभुण साठवली. निवृत्त झाले त्या दिवशी खात्याने हार घातला, नारळ दिला, भाषणं केली. ती भाषणंही केशवरावांना भुणभुणच वाटली.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "मधुमती, आता मी गाणं ऐकणार. नुसतं गाणं."

मधुमतीबाईंना बरं वाटलं. "ऐका की! इतकी वर्षं राहूनच गेलं तुमचं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी केशवराव मोठ्या वडावर गेले. तिथे लोंबकळे नावाच्या वटवाघळाचं दुकान होतं. दुकानातला सगळा माल उलटा टांगलेला असे. तो बघायला गिऱ्हाईकाला मान वाकडी करावी लागे. आणि मान वाकडी झालेलं गिऱ्हाईक फारसे प्रश्न विचारत नाही.

"हा हेडफोन घ्या," लोंबकळे म्हणाले. "ह्याची पाठ उघडी आहे. नुसती जाळी. आवाज कोंडत नाही. डोळे मिटलेत की गवई समोर बसलेला दिसेल."

"आणि ह्यात काय काय ऐकू येतं?"

"सगळं. तुम्हाला ऐकू येणार नाही तेसुद्धा."

"मला ऐकू येणार नाही, तर मी कशाला घेऊ?"

"तसं नाही साहेब. मला येतं ना ऐकू. ते तिथे आहे एवढं तुम्हाला माहीत असेल. समाधान असतं."

केशवरावांना हे पटलं. तुम्ही हसू नका. तुमच्या घरीही कुणालातरी असलंच काहीतरी पटलेलं असेल. किंमत मी सांगत नाही. केशवरावांनी मधुमतीबाईंनाही सांगितली नाही.

हेडफोन घरी आला, पण लगेच कानाला लावायचा नव्हता. लोंबकळ्यांनी बजावलं होतं की आधी आठ दिवस तो चालू ठेवायचा, म्हणजे आतला पडदा मोकळा होतो. म्हणून हेडफोन देवळीत ठेवला. त्यात गाणं चालू, आणि ऐकायला कोणी नाही.

"मग तुम्ही काय करणार आठ दिवस?" मधुमतीबाईंनी विचारलं.

"वाट बघणार."

आणि खरोखरच ते समोर पाट मांडून बसले. आठ दिवस हेडफोन गाणं ऐकत होता आणि केशवराव हेडफोनकडे बघत होते.

नवव्या दिवशी त्यांनी तो कानाला लावला. डोळे मिटले. आणि खरंच, मुलांनो, गवई समोर बसलेला दिसला. सूर लागायच्या आधी त्याने घेतलेला श्वास ऐकू आला. तंबोऱ्याची तार कुठे किंचित उतरलीय तेही कळलं. केशवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोंबकळे काही अगदीच खोटं बोलले नव्हते.

तेवढ्यात गवयाच्या उजव्या बाजूला धाडकन काहीतरी पडलं.

केशवरावांनी डोळे उघडले. उजव्या बाजूला मधुमतीबाई होत्या. हातातून परात निसटली होती.

उघड्या पाठीची हीच गंमत असते. आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं.

"अगं, जरा हळू," केशवराव म्हणाले.

मधुमतीबाई हळू झाल्या. पाटा-वरवंटा अंगणात गेला. पुढे अंगणातूनही ऐकू येतो म्हणून तो करवंदीच्या जाळीमागे गेला. घरात त्या चवड्यांवर चालू लागल्या. अस्वलाने चवड्यांवर चालणं काही सोपं नसतं, पण नवरा इतक्या वर्षांनी कशाततरी रमला होता, म्हणून त्यांनी तेही केलं. जेवण तयार झालं की त्या समोर उभ्या राहून पळी हलवत. केशवराव एक बोट वर करत. एक बोट म्हणजे हे कडवं संपू दे. पण पुढे पुढे कडवं संपलं की दुसरं सुरू व्हायचं.

आधी मधुमतीबाई दिवसभरात शंभर गोष्टी सांगत. मग दहा सांगू लागल्या. मग नुसती पळीच उरली.

एवढं झालं तरी एक आवाज राहिलाच. त्यांच्या गुहेखालच्या ओढ्यावर कस्तूरबुवा राहत. हा शीळ घालणारा निळसर काळा पक्षी. रोज सकाळी ते दगडावर बसून तासभर गात. आणि नेमकी तीच केशवरावांची ऐकायला बसण्याची वेळ.

"बुवांना जरा थांबायला सांगून येतेस?"

"मी नाही सांगणार," मधुमतीबाई म्हणाल्या. पुष्कळ दिवसांत त्या इतकं मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

मग केशवराव स्वतः गेले. अदबीने नमस्कार करून म्हणाले, "बुवा, राग मानू नका. सकाळी एक तासभर जरा... मी गाणं ऐकत असतो."

"असं? कुणाचं ऐकता?"

केशवराव घुटमळले. "तुमचंच. लोंबकळ्यांनी गेल्या वर्षी केलेलं रेकॉर्डिंग आहे. ह्याच दगडावरचं."

बुवांनी मान तिरकी केली. "आणि मी आत्ता गातोय ते?"

"तेही छानच आहे. पण रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही जास्त जवळ वाटता."

बुवा हसले. भांडले नाहीत. कलावंत माणूस. दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या खोऱ्यात राहायला गेले.

आता मात्र कशी शांतता झाली! केशवरावांनी बुवांचं रेकॉर्डिंग लावलं. शीळ उठली, वर गेली, ओढ्यावरून फिरली. आणि तिच्यामागे, डावीकडे, अगदी बारीक, आणखी एक आवाज आला. कोणीतरी गुणगुणत होतं.

केशवरावांनी वायर काढून परत लावली. गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. हेडफोनमध्ये दोष! ते तडक वडावर गेले.

लोंबकळ्यांनी उलटं राहूनच हेडफोन लावला आणि खूश झाले. "दोष कसला साहेब? हीच तर ह्याची करामत. साध्या हेडफोनात ही बाई ऐकू येणारच नाही."

"कोण बाई?"

"रेकॉर्डिंग करत होतो तेव्हा ओढ्यावर कोणी भांडी घासत होती. मी हाकलायला निघालो, तर बुवाच म्हणाले, राहू दे. म्हणाले, रोज येते, तिच्या सुरावरच मी माझा सूर लावतो. कोण ते ठाऊक नाही. मला दिवसा दिसत नाही फारसं. पूर्ण ऐका ना, शेवटी ती काहीतरी बोललीसुद्धा आहे."

केशवराव तिथेच, मान वाकडी करून, शेवटपर्यंत ऐकत राहिले. शीळ थांबली. गुणगुणणं थांबलं. एक पातेलं वाजलं. आणि स्वच्छ शब्द आले, "अगंबाई! ह्यांचा डबा भरायचा राहिला!"

केशवराव घरी आले. मधुमतीबाई बोरं निवडत होत्या. एकेक बोर टोपलीत अलगद ठेवत होत्या, आवाज होऊ नये म्हणून.

"तू गातेस?"

"गात होते."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"मुलगी बघायला आलात तेव्हा गाऊन दाखवलं होतं की. तुमचं लक्ष मधाच्या वाटीत होतं."

केशवराव खाली बसले. म्हणाले, "गा ना आता."

मधुमतीबाईंनी टोपली बाजूला सारली. पदर सावरला. आधी आवाज लागेना. मग लागला. बुवांची शीळ जिथे फिरायची तिथे तो आवाज खाली, भुईसारखा पसरत होता. केशवरावांनी डोळे मिटले. मधुमतीबाईंनी तान उचलली आणि केशवराव एकदम म्हणाले, "थांब, थांब!"

"काय झालं?"

"असं समोर बसून नीट कळत नाहीये. लोंबकळ्यांना बोलावतो. रेकॉर्ड करून घेऊ, मग ऐकतो शांतपणे."

मधुमतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बोलवा."

लोंबकळे आले, छताला लटकले, रेकॉर्डिंग झालं. केशवराव हरखून गेले. सकाळी तेच, दुपारी तेच. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या मंडळींचा आवाज! काय सांगू तुम्हाला!" आणि मंडळी समोर आल्या की एक बोट वर.

एके सकाळी मधुमतीबाई समोर उभ्या राहिल्या. ह्या वेळी हातात पळी नव्हती, पिशवी होती. "बुवांचा निरोप आलाय," त्या म्हणाल्या. केशवरावांनी बोट वर केलं. "खोऱ्यात गाण्याचा सप्ताह आहे," त्या म्हणाल्या. बोट वरच. मधुमतीबाई गेल्या.

पण त्या शहाण्या होत्या. जाताना लोंबकळ्यांकडे थांबल्या आणि आपल्या रेकॉर्डिंगच्या शेवटी चार वाक्यं जोडून त्यांच्या हाती घरी पाठवली. "नवं आलंय," असं सांगून लोंबकळ्यांनी ती लावूनही दिली.

तान संपली आणि केशवरावांना ऐकू आलं, "अहो, मी खोऱ्यात गायला चाललेय. भात चुलीवर आहे, उतरवून घ्या."

"वा!" केशवराव म्हणाले. "'चुलीवर'मधला 'च' काय स्वच्छ आलाय!"

त्यांनी ते पुन्हा लावलं. 'उतरवून' म्हणताना तिने मध्येच घेतलेला श्वास टिपला. तिसऱ्यांदा लावलं आणि नाकात करपलेल्याचा वास शिरला.

वास यायला वायर लागत नाही. केशवराव उठले, धावले, भात उतरवला. खालचा अर्धा काळा झाला होता. पातेलं हातात धरून ते एकटेच उभे राहिले. घर फार शांत होतं. हवं होतं तसंच.

मग त्यांनी चौथ्यांदा ऐकलं. ह्या वेळी श्वास नाही, 'च' नाही. काय म्हणतेय ते ऐकलं. पुढे आणखी दोन वाक्यं होती. मघाशी ती त्यांच्या कौतुकात बुडाली होती.

"माझं गाणं उद्या सकाळी आहे. ऐकलं असेल तर या, पुढे जागा धरून ठेवते."

केशवरावांनी हेडफोन देवळीत ठेवला. वरचा बरा भात डब्यात भरला, जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने, आणि खोऱ्याची वाट धरली. उजाडताना पोहोचले. पुढच्या रांगेत एक जागा रिकामी होती. मागे माकडांची पोरं किंचाळत होती, कोणी शेंगा फोडत होतं, वाऱ्याने मांडव फडफडत होता. गाणारी काही जवळ वाटत नव्हती. चांगली वीस हात लांब होती.

केशवरावांनी शेवटपर्यंत बोट वर केलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, घरच्या माणसाशी समोरासमोर बोलून उगाच वेळ घालवू नये. जे सांगायचं ते रेकॉर्ड करून द्यावं. आणि हेडफोन घ्यायचा तर भारीतलाच घ्यावा. हलक्या हेडफोनात बायको ऐकू येत नाही.