रणपिसे काकांचा पलीकडचा माणूस

पुण्यात धो धो पाऊस लागला तरी आमचे रणपिसे काका आधी हिमालयात किती झाला ते बघतात आणि मग छत्री शोधतात. मांजरीतल्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. उत्तरेत सीमेजवळच्या एका नदीची पातळी मोजण्यात त्यांची सगळी सरकारी नोकरी गेली.

लिफ्टमध्ये भेटले की सुरू.

"बर्फ लवकर वितळतंय. भांडणं होणार."

"कुणाची?"

"देशांची. नकाशा बघा जरा."

मी घरी जाऊन नकाशा बघितला. नदी निळी होती, एक देश गुलाबी, दुसरा हिरवा. भांडण कुठे दिसेना.

उन्हाळ्यात टँकर आला नाही, तेव्हा आमच्या ए विंगने बी विंगचा व्हॉल्व्ह बंद केला. सभेत काका उठून म्हणाले, "वरच्याने खालच्याला निदान कळवून बंद करावं." दोन्ही विंगा एकाच सपाट जमिनीवर, त्यामुळे वरचा कोण, यावरच अर्धा तास वाद झाला.

यंदा मात्र दोन देशांचं खरंच बिनसलं आणि नदीची पातळी एकमेकांना कळवणंही थांबलं. सकाळी पेपर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. "काका, तुमचंच खरं झालं."

ते खूश झाले नाहीत. हातात मोबाईल धरून बसले होते. टीव्हीवर उत्तरेतल्या ढगफुटीची बातमी चालू होती.

"सीमेच्या पलीकडे युसुफभाई आहेत," ते म्हणाले. "रोज सकाळी मी त्यांना फोनवर आकडा सांगायचो. पाणी वाढलं की ते गावातली माणसं, गुरं हलवायचे."

"कधी भेटलात का त्यांना?"

"छे. नुसता आवाज ओळखतो. बायको गेली त्या सकाळीही आकडा सांगितला. त्यांना आवाजावरून कळलं. बराच वेळ फोन ठेवला नाही त्यांनी."

मी पेपर बाजूला ठेवला.

"तुमच्या फोनवरून लागतो का बघा," म्हणून त्यांनी वहीतला नंबर पुढे केला. "आता कुणी कळवणार नाही त्यांना."

मी लावला. "बंद आहे म्हणते, काका."

"बंद नसेल. गुरं घेऊन वर गेले असतील. डोंगरात रेंज नसते."

बर्फ, नदी, दोन सरकारं, यातलं मला अजूनही धड काही जुळवता येत नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि नंबर पुन्हा लावला.