शंभर दिवसांची साखळी

टिंग!

दुपारच्या शांततेत तो आवाज इतका खणखणीत आला, की सूनबाई दारातच थबकली. ऑफिसात पाण्याचा पाइप फुटून फायली तरंगायला लागल्या, म्हणून सगळ्यांना लवकर सोडलं होतं. लेक झोपली असेल, सासूबाईही जरा आडव्या झाल्या असतील, म्हणून तिने चपला हातात घेऊन, चोरासारखं दार उघडलं होतं. आणि स्वयंपाकघरातून पुन्हा, टिंग!

सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. समोर डब्याला टेकवलेला टॅब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंडात घडाघडा जर्मन.

"आई! हे काय?"

सासूबाईंनी दचकून टॅबवर फडकं टाकलं. "काही नाही गं. तुझी साखळी तुटायला नको, म्हणून आपलं…"

साखळीचं प्रकरण असं होतं. सूनबाईची कंपनी दारांच्या बिजागऱ्या बनवायची. निर्यात विभागात एक जागा निघाली, गिऱ्हाईक जर्मनीचं, म्हणून साहेबांनी सगळ्यांना भाषा शिकवणारं एक ॲप दिलं. रोज एक तरी धडा करायचा. एक दिवस चुकला, की साखळी तुटून गाडी पुन्हा शून्यावर. जो शंभर दिवस साखळी टिकवेल, त्याचा त्या जागेसाठी आधी विचार.

सूनबाईला बढतीचं अप्रूप नव्हतं. तिला हवी होती त्या विभागाची सुट्टीची वेळ. पॅकिंग विभागातून सुटून घरी यायला तिला आठ वाजायचे. तोवर चार वर्षांची लेक जेवून पेंगुळलेली असायची. आईला एका डोळ्याने बघायची आणि दुसरा डोळा आधीच झोपलेला. निर्यातवाले पाचला सुटायचे. त्या दोन-अडीच तासांसाठी सूनबाई जर्मनच काय, कावळ्याची भाषाही शिकली असती.

एकोणिसाव्या दिवशी लेकीला ताप भरला. तिला मांडीवर घेऊन बसलेली सूनबाई म्हणाली, "आई, एवढा आजचा धडा करता का? नुसतं बरोबर उत्तरावर बोट ठेवायचं." सासूबाईंनी बोट ठेवलं, आणि मग ते काही निघालंच नाही. तेव्हापासून रोजचा धडा त्यांच्याकडेच गेला.

"आई, खरं सांगा, किती धडे केलेत?"

"मोजतंय कोण? दुपारी झोप लागत नाही मला. आणि उत्तर बरोबर आलं, की ॲपमधलं ते मेलं घुबड पडद्यावर येऊन टाळ्या वाजवतं. या घरात दुसरं कोण वाजवतंय माझ्यासाठी टाळ्या?"

सूनबाईने फडकं उचललं. साखळी, अठ्ठ्याण्णव दिवस. पातळी, चौथी. ती स्वतः पहिल्या पातळीच्या अठराव्या धड्यावरच थांबली होती. सफरचंद टेबलावर आहे, एवढं तिला ठामपणे सांगता येत होतं. ते कुणी उचललं, तर मात्र तिची बोलती बंद.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. "मॅडम, अभिनंदन! शंभर दिवस, आणि चौथी पातळी? आमची बाकीची मंडळी अजून सफरचंदं मोजतायत. मंगळवारी त्या जर्मन बाईंशी व्हिडिओवर तुम्हीच बोलायचं. ऑफिसात अजून चिखल आहे, तेव्हा घरूनच बोला."

"साहेब, खरं म्हणजे ती साखळी…"

"ऑर्डर मिळाली की जागा तुमची. पाचला सुट्टी बरं का!"

त्या शेवटच्या वाक्याने सूनबाईचं तोंड शिवून टाकलं.

मंगळवारी बेत ठरला. डब्याला टेकवलेल्या टॅबसमोर सूनबाई. टेबलाखाली पाटावर सासूबाई, त्यांनी खालून पुटपुटायचं, सूनबाईने वरून बोलायचं. लेकीला रंगपेटी देऊन कोपऱ्यात बसवलं.

"गुडघे आखडले तर उठवशील ना मला?" टेबलाखालून आवाज आला.

"आई, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

"तुझा अर्धा तास. माझ्या गुडघ्यांचा अख्खा दिवस."

पडद्यावर एका चौकोनात साहेब, दुसऱ्यात पांढऱ्या केसांच्या, करड्या चेहऱ्याच्या जर्मन बाई. पहिली दोन वाक्यं खालून आली तशी वर गेली. तिसरं वाक्य लांबलचक होतं. सूनबाई अर्ध्यावर अडकली. बाईंनी भुवया उंचावल्या. साहेबांना जर्मनचं ओ की ठो कळत नव्हतं, ते मान डोलवत राहिले.

तेवढ्यात लेकीला टेबलाखालची गंमत दिसली. "आजी! तू लपाछपी खेळतेस? मला का नाही घेतलं?" असं ओरडत ती आत घुसली, टेबल हललं, टॅब डब्यावरून घसरून थेट खाली सासूबाईंच्या मांडीत पडला. जर्मन बाईंना पडद्यावर दिसला एक चष्मा, एक हनुवटी आणि टेबलाची खालची फळी.

सासूबाईंनी पदर सावरला, टॅब सरळ धरला, आणि बसल्या जागेवरून जर्मनमध्ये बाईंना नमस्कार केला. पुढे त्यांनी हवा कशी आहे ते विचारलं, नातवंडं किती ते विचारलं, आणि आपले गुडघे दुखतात हेही सांगून टाकलं. चौथ्या पातळीत हे सगळं येतं. करड्या चेहऱ्याच्या बाई एकदम फुलल्या. त्यांचेही गुडघे दुखत होते.

"काय म्हणतायत?" साहेबांनी घाबरून विचारलं.

"तांत्रिक चर्चा चाललीय," सूनबाई टेबलाखाली डोकं घालून म्हणाली.

मग जर्मन बाईंनी विचारलं, तुमच्या बिजागऱ्या कुरकुरतात का? एवढे शब्द सासूबाईंकडे नव्हते. त्या बाहेर आल्या, टॅब नातीच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराचं दार उघडून मिटून दाखवलं. कंपनीचीच बिजागरी होती ती. हूं की चूं नाही. मग मोरीचं दार उघडलं, ते दुसऱ्या कंपनीचं. त्याने असा काही गळा काढला, की चौकोनातले साहेबसुद्धा दचकले. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवून म्हटलं, "आमची." मोरीकडे दाखवून म्हटलं, "त्यांची."

जर्मन बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. भाव कमी करा, असं त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. सासूबाईंनी तीनदा "नाही" म्हटलं आणि दर खेपेला गुडघ्यांसाठी एक-एक व्यायाम करून दाखवला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. सूनबाईने स्पीकर लावला आणि श्वासही न घेता बोलून टाकलं, "साहेब, साखळी माझी नव्हती. म्हणजे अठरा दिवसांपर्यंत होती. पुढची सासूबाईंची. मला फक्त सफरचंद येतं. जागा नाही दिलीत तरी…"

"माहितीय," साहेब म्हणाले. "मला जर्मन येत नाही, पण 'आजी' कळतं. ऑर्डर आलीय. तिप्पट. आणि बाईंनी लिहिलंय, पुढची सगळी बोलणी दारवाल्या मॅडमशीच. आता माझ्याकडे जागा एकच आहे. दोघींत काय ते ठरवा आणि सोमवारी एकीला पाठवा."

फोन बंद झाला. सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पदराने चष्मा पुसत होत्या, जरा जास्तच वेळ.

"शनिवारी सुट्टी असते का गं तिथे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

सूनबाईला हसू फुटलं. लेक रंगीत हातांनी तिच्या मांडीवर चढली, एकदा आईकडे आणि एकदा आजीकडे बघून म्हणाली,

"मग आई, पाचला सुटून घरी कोण येणार? तू की आजी?"