केर काढणारी भेट

प्रसाद आणि श्रुतीच्या सानपाड्यातल्या नव्या घरात केर काढणारं यंत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि केर अजून श्रुतीच काढत होती. थाळीएवढं, जमिनीवर आपलं आपण फिरणारं आणि मराठीत बोलणारं ते यंत्र प्रसादच्या आत्याने, विजयमालाबाईंनी, वास्तुशांतीला ऑनलाइन मागवून दिलं होतं. पहिल्या दिवशी त्याने देवापुढची रांगोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पायपुसण्याच्या झालरी ओढल्या. त्यानंतर रोज कुठेतरी अडकून ते मदतीसाठी हाका मारू लागलं.

"आधी मी त्याच्यासाठी घर आवरते, मग ते झाडतं," श्रुती म्हणाली. "परत कर ते."

"आत्याला वाईट वाटेल."

"आत्यांना सांगायचं कशाला?"

कंपनीने नुकताच 'हरित परतावा' सुरू केला होता. खोका नको, चिकटपट्टी नको, भिवंडीच्या गोदामापर्यंत टेम्पोची फेरी नको. परत आलेली वस्तू जवळच्याच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे थेट जाणार. प्रसाद एका बँकेच्या संगणक विभागात होता, त्यामुळे सूचना वाचायची त्याला सवय नव्हती. त्याने यंत्राच्या पोटावरचा कोड स्कॅन केला, 'स्मृती पुसायची का?' या प्रश्नावर 'नंतर' दाबलं आणि खालची बारीक अक्षरांतली तीन पानं अंगठ्याने वर ढकलली.

मंगळवारी यंत्र न्यायला जासईचे अंकुश ठाकूर आले. पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी यंत्र तसंच उघडं काखेत मारलं.

"काका, पिशवी तरी?"

"पिशवी नाय लागत. पर्यावरन हाय ना," अंकुश म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

घर शांत झालं. पृथ्वीसाठी आपण काहीतरी केलं, असं प्रसादला दोन दिवस वाटत राहिलं. शुक्रवारी आत्यांचा नेरूळहून फोन आला.

"रविवारी येते रे. यंत्र कसं चालतं ते बघायचंय मला."

श्रुती शेजारून जोरजोरात मान हलवत होती. प्रसाद म्हणाला, "अगं आत्या, ते ना... सर्व्हिसिंगला गेलंय."

"तीन आठवड्यांत?"

"टेन्शनचं काही नाही. रुटीन असतं."

"बरं. मग तुम्हीच या जेवायला."

फोन ठेवल्या ठेवल्या दोघांनी ॲप उघडलं. तेच यंत्र परत विकत घ्यायचं, असं ठरलं. यंत्राच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'विकले गेले. आनंदी ग्राहक तुमच्यापासून चार किलोमीटरवर.'

"चार किलोमीटरवर म्हणजे कुठे?" श्रुतीने विचारलं.

"वाशीला असेल कुणी," प्रसाद म्हणाला.

रविवारी आत्यांनी मटकीची उसळ वाढली. प्रसादने पहिला घास उचलला, तेवढ्यात दिवाणाखालून घरघर ऐकू आली आणि ओळखीचा गोड आवाज म्हणाला, "विजूआत्या आता कपाटाखाली शिरत आहे."

प्रसादचा हात तोंडाशीच थांबला. यंत्र घरी आलं त्या संध्याकाळी ॲपने नाव विचारलं होतं. ते प्रत्येक कोपऱ्यात डोकावतं, सगळ्यांच्या सामानाखाली जातं आणि सगळं घर कामाला लावतं, म्हणून हसत हसत त्यानेच ते नाव दिलं होतं. श्रुती तेव्हा खूप हसली होती. आता ती उसळीतली मटकी मोजत होती.

"आत्या, तुम्ही... नवीन घेतलंत?" तिने विचारलं.

"नवीन कशाला? वापरलेलं आहे," आत्या शांतपणे म्हणाल्या. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. "मंगळवारी मला मेसेज आला. तुमची भेट परत आली, पैसे तुमच्या खात्यात जमा केले, पृथ्वी तुमची आभारी आहे. खाली विचारलं होतं, हेच यंत्र निम्म्या किमतीत हवं का? मी 'होय' दाबलं. तासाभरात जासईचे एक गृहस्थ काखेत घेऊन आले."

"आत्या, सॉरी. म्हणजे आम्ही..."

"सर्व्हिसिंगला गेलंय म्हणालास, ते खोटं नाही. इथे रोज सर्व्हिस देतंय. फक्त मला दुःख एकाच गोष्टीचं आहे." त्यांनी प्रसादच्या ताटात पोळी वाढली. "पुस्तिका कुणी उघडलीच नव्हती. पाकीट तसंच चिकटलेलं होतं त्याच्या पाठीला. सातव्या पानावर लिहिलंय, रांगोळीच्या जागा आधी दाखवून द्या."

आत्यांनी सगळी पुस्तिका वहीत उतरवून घेतली होती, लाल रेघा मारून.

"विजूआत्या अडकली आहे," कपाटाखालून आवाज आला. "कृपया तिला बाहेर ओढा."

कुणीच हललं नाही. मग आत्या म्हणाल्या, "ऐकलंस ना?"

प्रसाद उठला, पोटावर आडवा झाला आणि त्याने यंत्र बाहेर ओढलं. शर्टाला धूळ लागली नाही. खालची फरशी लख्ख होती.

"आत्या, नाव आत्ता बदलतो. दे फोन."

"राहू दे, मला येतं." आत्यांनी चष्मा लावला, एका बोटाने सावकाश काहीतरी टाइप केलं आणि यंत्र खाली ठेवलं. त्याने एक गिरकी घेतली.

"प्रसाद आता मोरीपुढचा केर काढायला निघाला आहे."

श्रुतीला ठसका लागला. आत्यांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि आणखी उसळ वाढायला घेतली.