खोपकरांना अजून मनाई आहे

नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं आणि आवाज मात्र कोर्टाबाहेर पुकारा करणाऱ्या शिपायाचा, अशा थाटात भरल्या दवाखान्यात खोपकरांनी डॉक्टरांना विचारलं, "बायकोला मिठी कधीपासून मारता येईल?"

तपासणीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बाहेरच्या बाकांवर माग चालवणारे कामगार होते, वज्रेश्वरीकडून आलेली एक म्हातारी होती, आणखी बरेच होते. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. मी खोपकरांच्या शेजारी उभा. मला त्यांनी साक्षीदार म्हणून आणलं होतं. धरणीने पोटात घ्यावं म्हटलं तर खाली पक्की फरशी.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी घसा साफ केला. "थोडे दिवस जपा. जवळ बसा, हात धरा, त्याला काही हरकत नाही. फक्त नाकाला धक्का लागता कामा नये, आणि दम लागेल असं काही करू नका. रक्त सुरू होईल."

"मोघम नको, डॉक्टर. मिठी समोरून की बाजूने?"

"बाजूने."

"गालाला गाल?"

"हळू. चष्मा काढून."

"आणि मुका?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राचा अभ्यास करत होतो. शेवटी बाहेरची म्हातारीच बोलली, "आरं बाबा, नाक तरी बरं व्हऊ दे. बायको हाय तितंच हाय, कुटं जात न्हाय."

अख्खा दवाखाना हसला. खोपकर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ऐकलंत ना? बाजूने. आणि चष्मा काढून."

आता हा प्राणी कोण ते सांगतो. टेमघरला आमच्या शेजारचं दार खोपकरांचं. त्यांच्या बेडरूमची आणि माझ्या बेडरूमची भिंत एकच. एका वकिलाच्या कचेरीत ते कारकून आहेत. वडप्याची शेतं गेली, तिथे गोदामं उभी राहिली, आणि त्या गोदामांचे भाडेकरार लिहिण्यात खोपकरांची हयात गेली. करारात एक शब्द मोघम राहिला की पुढची पिढी कोर्टात, हे त्यांचं तत्त्व. कचेरीत ते ठीक आहे. हा माणूस तेच तत्त्व घेऊन भाजीबाजारात जातो. "मेथी ताजी म्हणजे आजची की कालची? मोघम सांगू नका." रिक्षावाल्यासमोर त्यांचं हिंदी सुरू होतं, "भाई, बीच में गॅस भरोगे? तिसरा आदमी बिठाओगे? अभी साफ बोलो." साफ बोलण्याऐवजी रिक्षावाला गिअर टाकून निघून जातो, आणि आम्ही दोघे उन्हात उभे. दोघे, कारण प्रत्येक व्यवहाराला त्यांना साक्षीदार लागतो आणि शेजारच्या दारात मी फुकट मिळतो. फ्रिज, मच्छरदाणी आणि एकदा एक कलिंगड, एवढ्या खरेद्यांना मी साक्षीदार आहे. कलिंगड पांढरं निघालं तेव्हा मला दुकानापर्यंत जबाब द्यायला नेलं होतं.

मला या माणसाचा राग येतो. अगदी मनापासून येतो. विशेषतः त्यांच्या मुलीच्या लग्नापासून. पाठवणीची वेळ. सुलभावहिनी, म्हणजे त्यांची बायको, मुलीच्या गळ्यात पडून रडत होत्या. आम्ही सगळेच डोळे पुसत होतो. तेवढ्यात खोपकर घड्याळ बघत पुढे आले आणि म्हणाले, "सुलभा, रडणं आटप. हॉल सहाला रिकामा करायचाय, करारात तसं स्पष्ट आहे." वहिनी रडायच्या थांबल्या. नळ बंद करावा तशा थांबल्या. पदर खोचून उरलेले लाडू डब्यांत भरायला गेल्या. त्यानंतर मी त्यांना रडताना कधी पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर फारसं हसतानाही नाही.

त्याच आठवड्यात वहिनी मुलीच्या रिकाम्या झालेल्या खोलीत झोपायला गेल्या. कारण काय, तर खोपकरांचं घोरणं. हे खोपकरांनी स्वतःच सगळ्या मजल्याला सांगितलं. "गैरसमज नको. कारण स्पष्ट आहे. मी घोरतो, तिची झोपमोड होते." घोरायचे ते, यात वाद नाही. भिंतीपलीकडे कोणीतरी लोखंडी कपाट ओढतंय असं वाटायचं. पण आमची ही चुलीपुढचं शहाणपण घेऊन जन्मलेली. ती म्हणाली, "घोरण्यापायी बाई खोली बदलत नाही हो. कूस बदलते." मी तिला गप्प केलं.

वर्षं गेली, आणि एक दिवस खोपकर उड्या मारत माझ्याकडे आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाकाचं आतलं हाड वाकडं आहे, सरळ केलं तर घोरणं पुष्कळ कमी होईल. केवढा आनंद झाला होता त्या माणसाला! घरातल्या एवढ्या जुन्या भानगडीचं कारण सापडलं होतं, आणि ते हाडाचं निघालं होतं, स्वभावाचं नव्हतं. "मास्तर, हाड सरळ झालं की सुलभा परत आपल्या खोलीत. विषय संपला." साठीला टेकलेला माणूस हौसेने नाक कापून घ्यायला निघाला, तो एवढ्यासाठी.

ऑपरेशन झालं. मग मनाईचा काळ सुरू झाला आणि खोपकरांनी मजल्याला वात आणला. दोन वेळा नाकात थेंब घ्यायचे, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. ती शिंक जिन्यात दिली की तळमजल्यावरची कुत्री भुंकायची. समोरून कोणी आलं की हे हात पुढे करून उभे, "अंतर ठेवा, नाक आहे." अशात ईद आली. खोपकरांच्या कचेरीत मोमीनशेठ म्हणून एक मोठे गोदामवाले येतात, मनाने उमदा माणूस. ते शीरखुर्म्याचा डबा घेऊन घरी आले आणि दारातच गळाभेटीला हात पसरले.

"शेठ, गले मत मिलिए. डॉक्टर की मनाई है."

"अरे, ईद है खोपकरसाब!"

"सामने से मनाई है."

मोमीनशेठ क्षणभर विचारात पडले. मग मागे गेले आणि पाठीमागून त्यांनी खोपकरांना मिठी मारली. डावीकडून, उजवीकडून, परत डावीकडून, रीतसर. मी दारात उभा राहून पोट धरून हसलो. खोपकर मात्र गंभीर. शेठ गेल्यावर म्हणाले, "मास्तर, पाठीमागून चालतं. नाकाला काही होत नाही. सुलभा, तू पाहिलंस ना?"

वहिनी शीरखुर्मा वाट्यांत काढत होत्या. म्हणाल्या, "पाहिलं." आणि एक वाटी माझ्या हातात दिली.

घोरणं खरंच थांबलं. भिंतीपलीकडे इतकं सामसूम झालं की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. खोपकरांनी मला हाताला धरून वहिनींपुढे उभं केलं. "सांगा मास्तर, तुमच्या भिंतीला ऐकू येतं का?" मी सांगितलं, अजिबात नाही.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या.

"मग?" खोपकरांनी विचारलं.

मला तिथून पळावंसं वाटत होतं. वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टरांना मनाई उठवू दे. तोवर उगीच धक्का लागायला नको. मग बघू."

'बघू' इतका मोघम शब्द मराठीत दुसरा नसेल. खोपकरांनी तो निमूट घेतला. बाहेर येऊन मला म्हणाले, "शेवटच्या तपासणीपर्यंत थांबायचं ठरलं." ठरलं कुठे होतं?

शेवटच्या तपासणीला अर्थातच मी बरोबर. डॉक्टरांनी नाकात बत्ती घालून पाहिलं आणि हसून म्हणाले, "उत्तम भरलंय. आता कसलीही मनाई नाही, काका. समोरून, बाजूने, कशीही."

मी कान बंद करायच्या तयारीत होतो. आता पोटकलमं सुरू होणार. पण खोपकर खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "नाकात ते थेंब घालतो आम्ही. ते?"

"बंद करा. गरज नाही आता."

"चालू ठेवले तर अपाय?"

"अपाय कसला? मिठाचं पाणी आहे ते."

"मग डॉक्टर, अजून थोडे दिवस मनाई आहे असं म्हणा ना. कितीही दिवस म्हणा."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मलाही नाही. बाहेर पडून रिक्षात बसलो. या वेळी काहीही न ठरवता बसलो. वाटेत मागांच्या गल्लीत ट्रक आडवा झाला आणि रिक्षा अडकली. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. खोपकरांनी माझ्या कानाला तोंड लावलं.

"हे सुलभाचं माहेर, मास्तर. ती भिंत बघा, तिला लागूनच माग. रात्रपाळी कायम चालू. ही भिंतीकडे डोकं करून झोपायची. लग्न होऊन टेमघरला आली तर महिनाभर तिला झोप लागेना. म्हणायची, फार शांत आहे इथे. या खडखडाटात झोपणाऱ्या बाईला माझं घोरणं ऐकू येत होतं का? तुम्हीच सांगा."

"हे कधी लक्षात आलं तुमच्या?" मी विचारलं.

"ती 'बघू' म्हणाली त्यानंतर. पडल्या पडल्या. मी मुद्दाम शांत पडून राहायचो, की आता येईल. मग आठवलं, की तिला शांत आवडतच नाही."

"मग विचारा ना त्यांना, खरं कारण काय ते."

"विचारलं तर ती स्पष्ट सांगेल." खोपकरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. "मनाई असली की ती दोन वेळा थेंब घालते. हनुवटी धरते. डाव्या हाताने. मनाई उठली की तेही जाईल हो."

इतकी वर्षं ज्या माणसाचा मला राग येत होता, त्याच्या शेजारी मी बसलो होतो आणि मला त्याच्याकडे बघवेना. रागही काही कमी झाला नव्हता. उलट वाढला. हे सगळं त्या हॉलवर, त्या संध्याकाळी कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

दार वहिनींनी उघडलं. हात ओले होते, पदराला पुसत म्हणाल्या, "काय म्हणाले डॉक्टर?"

खोपकरांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर सांगतील."

चाळीस पोरांपुढे रोज खरं बोलायला शिकवणारा मी मास्तर. म्हणालो, "अजून मनाई आहे, वहिनी. थेंब चालू ठेवायला सांगितलेत."

वहिनींचे खांदे सैल झाले. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा तो पडताना मी पाहिला, आणि माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या त्यांच्या नवऱ्यानेही पाहिला. मग वहिनी किती मायेने बोलल्या! "असू दे हो. जपायलाच हवं. बसा, आत्ताच घालते." त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, मान मागे केली, हनुवटी धरली. थेंब घातले. "हलू नका, मी सांगेपर्यंत," असं म्हणून त्या आत दूध बघायला गेल्या.

खोपकर मान मागे टाकून, डोळे मिटून बसले. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने भाजी चिरल्याचा आला. वहिनी विसरल्या होत्या.

मी खोपकरांच्या खांद्याला हात लावला. "झालं असेल आता. सरळ बसा, मान अवघडेल."

"थांबा, मास्तर," डोळे न उघडता ते म्हणाले. "तिने अजून सांगितलेलं नाही."