ब्रिजेट मिस्त्री आणि झिजलेले बुश

ब्रिजेट मिस्त्री कुणाच्याही घरी गेली की आत शिरण्याआधी दार उचलून बघते. ढकलत नाही, नुसतं कडेला धरते आणि वर-खाली करते. बिजागरीत जराशी ढिलाई सापडली की म्हणते, "प्ले हाय." मग चपला काढते.

आमच्या शेठचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. माणसं गप्प बसलेली, शेठ कोपऱ्यात मान खाली घालून. ब्रिजेट उंबऱ्यात थांबली, तिनं दार उचललं आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "प्ले हाय." शेठच्या आईनं डोळे पुसत विचारलं, या कोण? शेठ म्हणाले, आमच्या फिटर आहेत, काही बोलू नकोस.

कॉटन ग्रीनला गोदामांच्या रांगेत आमचं यार्ड आहे. आम्ही छोटे लोडर भाड्यानं देतो. जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत, त्या बोळांमध्ये मोठं मशीन शिरत नाही, तिथं हे जातात. मी यार्डातले फोन आणि बुकिंग बघतो. राहायला लालबागला, मूळचा मालवणकडचा. ब्रिजेट मला नावानं हाक मारत नाही, "परब" म्हणते, तेही आवाज चढवून.

तिला मात्र आंटी म्हणायची सोय नाही. नवा ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी हमखास म्हणतो. ती हातातला पाना खाली ठेवते आणि सांगते, "आंटी तुझ्या बिल्डिंगमध्ये. हितं मिस्त्री." आधी तिचा मोठा भाऊ इथं फिटर होता आणि ही त्याच्या हाताखाली होती. भाऊ दुबईला गेला, तिकडेच संसार थाटला. शेठनं विचारलं, आता काम कोण करणार? ही म्हणाली, इतके दिवस कोण करत होतं? तेव्हापासून ती आहे. शेठशी ती "तुम्ही" म्हणूनच बोलते, पण तिचं ते "तुम्ही" आम्हाला मिळणाऱ्या "तू"पेक्षा जास्त झोंबतं.

आता तिच्या प्लेबद्दल सांगायला हवं. लोडरला पुढे दोन हात असतात. त्यांच्या टोकाला एक पोलादी चौकट. माती उचलायची तर तिच्यात बकेट अडकवायची, लादी फोडायची तर ब्रेकर, ओझं हलवायचं तर फोर्क. चौकट हातांना जाड पिनांनी जोडलेली असते आणि पिन ज्या भोकात फिरते त्यात एक कडं बसवलेलं असतं. तो बुश. पिन आणि हात शाबूत राहावेत म्हणून झिजायचं काम त्यानं करायचं. वेळेवर ग्रीस मिळालं तर वर्षानुवर्षं चालतो, नाही मिळालं तर महिन्यांत खलास. मग भोक आणि पिनेत फट पडते, बकेट डुगडुगायला लागते. ती डुगडुग म्हणजे प्ले.

ब्रिजेटच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं आहेत, ग्रीस मारणारी आणि न मारणारी. गणपत हा आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर दुसऱ्या जातीतला. रोज सकाळी ती त्याच्या मशीनच्या बकेटखाली पहार घालून उचलते, कान देऊन ऐकते आणि मग त्याचा उद्धार करते. गणपत विडी ओढत ऐकून घेतो. एकदा तो म्हणाला, माझी बायकोसुद्धा एवढं बोलत नाही. ती म्हणाली, "तिच्या डोक्यावर बकेट नाय ना लटकत."

नवा बुश ठोकून बसवणं तिला मंजूर नाही. ठोकून घातलेला बुश जन्मभर रुसून बसतो, असं तिचं म्हणणं. ती तो आधी गारठवते, म्हणजे तो किंचित आकसतो, भोकात अलगद सरकतो आणि पुन्हा गरम झाला की घट्ट बसतो. यासाठी ऑफिसचा फ्रिज तिनं ताब्यात घेतला. शेठनं तो पाहुण्यांच्या सरबतासाठी आणला होता. एका बिल्डरनं बर्फ मागितला तेव्हा आमच्या शिपायानं ट्रेबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बुशही टेबलावर आणून ठेवला. बिल्डर बराच वेळ त्याच्याकडे बघत होता.

तर यंदा पावसाळ्याच्या तोंडावर परळहून काम आलं. एका जुन्या इमारतीची कंपाउंडची भिंत बोळात कोसळली होती. दोन्ही बाजूंना माणसं राहती, ढिगारा तातडीनं उचलायचा. मोकळं मशीन एकच, गणपतचं, आदल्या संध्याकाळी दादरहून परत आलेलं. सकाळी ब्रिजेटनं पहार घातली आणि "खट्" असा आवाज मला ऑफिसात ऐकू आला.

ती म्हणाली, हे जाणार नाही. शेठ म्हणाले, चार दिवसांचं काम आहे, आल्यावर बदला. ती म्हणाली, चार दिवसांनी बदलायचं ते आज का नाही? शेठनं कंत्राटदाराचे फोन दाखवले. तिनं बघितलेसुद्धा नाहीत. शेठ आत वळले तेवढ्यात तिनं चौकटीच्या दोन्ही पिना उपसल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आपल्या डब्याच्या पिशवीत टाकल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन उलट्या ड्रमवर बसली. बकेट चौकटीसकट जमिनीवर, लोडर हात वर करून उभा.

मला मध्यस्थीला पाठवलं. मी म्हटलं, मिस्त्री, द्या ना. ती म्हणाली, "परब, फोन वाजतोय तुझा. जा."

मग शेठ स्वतः आले. सगळं यार्ड काम टाकून भोवती जमलं होतं.

"पिना द्या."

"बुश बसल्यावर."

"मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. मी सांगते त्यांना, पिना मी चोरल्या. कशाला चोरल्या तेपण सांगते. बोळात पोरं खेळतात, शेठ. ही बकेट सुटली तर तुम्ही कुणाकुणाच्या दारात जाणार?"

शेठनं फोन काढला. त्यांनी पोलिसांना नाही, पलीकडच्या गल्लीतल्या लेथवाल्याला फोन लावला आणि बुश कधी मिळतील विचारलं.

इथवर सगळं तिच्या मनासारखं झालं. पण जुना बुश भोकातून निघेना. दुपारी भोक तापवून तो सैल करायला तिनं गॅस लावला, ज्योत जरा भरकटली आणि शेजारचा तेलाचा होजपाइप भाजून निघाला. आता होजपाइपही आणायला हवा होता आणि तो त्या दिवशी कुठंच मिळेना. संध्याकाळी कंत्राटदारानं दुसरीकडून मशीन घेतलं. शेठ भयंकर चिडले. होजपाइप जळला ती माझी चूक, ब्रिजेटनं कबूल केलं, पण प्ले काढायला बसले ती नाही. तेवढं शेवटचं वाक्य ती गिळती तरी निभावलं असतं. शेठ म्हणाले, उद्यापासून घरी बसा, बोलावीन तेव्हा या. तिनं पिना टेबलावर ठेवल्या, हात धुतले आणि गेली.

यार्ड शांत झालं. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग ऑपरेटर एकेक करून ऑफिसात यायला लागले. एकाला फोर्कमध्ये प्ले सापडला, दुसऱ्याला ब्रेकरमध्ये. नवा फिटर आला होता, त्यानं हातोड्यानं बुश घालायला घेतला तेव्हा गणपतनं त्याचा हात धरला. नंतर मी बघितलं, गणपत आपणहून ग्रीसगन घेऊन मशीनभोवती फिरत होता आणि कुणी बघतंय का ते बघत होता. शेवटी त्यानं शेठला सरळ सांगितलं की मिस्त्रीनं पहार घालून ऐकल्याशिवाय तो मशीन यार्डाबाहेर काढणार नाही. बाकीचे त्याच्या मागे उभे राहिले.

शेठनं मला शीवला, तिच्या घरी पाठवलं. फोन का नाही करत, असं मी विचारलं नाही.

तिचं घर किल्ल्याच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर दोन खोल्या. मी तिथं पहिल्यांदाच जात होतो. दुपारची वेळ. टीव्ही बंद, रेडिओ बंद, वरचा पंखा तेवढा फिरत होता. तिनं मला बसवलं आणि निरोप ऐकायच्या आधीच अटी सांगितल्या. शेठनं स्वतः बोलवायचं. फ्रिज तिचाच राहणार. नव्या फिटरला काढायचं नाही, तो तिच्याकडे शिकेल. आणि पुन्हा असा प्ले दिसला तर ती पुन्हा पिना काढणार, हे आजच सांगून ठेवते. मी सगळ्याला मान डोलावली आणि उठलो.

"जेवून जा," ती म्हणाली.

मी म्हटलं, शेठ वाट बघताहेत.

"बघू दे."

तिनं भात आणि जवळ्याचं कालवण वाढलं. समोर बसली. गणपतला खोकला आहे का अजून, विचारलं. डॉक्टरकडे गेला का? त्याची बायको गावी गेली होती ती आली का? विड्या कमी केल्या का? मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मग ती टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत राहिली.

"घर लई गप हाय रे," ती म्हणाली. "इतक्या दिवसांत कुणाशी भांडले नाय मी. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला उगाच काहीतरी बोल्ले, तर ती हसली. म्हणाली, घ्या आंटी, कोथिंबीर फ्री."

आंटी हा शब्द तिनं तसाच जाऊ दिला.

मी ताटाकडे बघितलं. कालवण फार चांगलं झालं होतं. मी म्हटलं, "खरं सांगू का मिस्त्री, तुम्ही लोक वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवता त्या बॉटल मसाल्यात दम नाही. जवळ्याला मालवणी मसालाच लागतो. आणि वर कोकम."

ती खुर्ची मागे सरकवून उभीच राहिली.

"काय बोल्लास?"

मी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तिनं पळीभर कालवण माझ्या भातावर ओतलं आणि सुरुवात केली. आधी मालवण, मग माझी आई, मग एकंदर लालबागची जीभ. मी उलट बोलत राहिलो. तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. शेठ होते. तिनं नाव वाचलं आणि फोन पालथा घातला.

"वाजू दे," ती म्हणाली. "आधी तू सांग, जवळ्यात कोकम घालायला कुठल्या गाढवानं शिकवलं तुला?"