सूर्यफुलांनी फिरवलेली पाठ

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी दुखरी दाढ सोडून तिची धडधाकट शेजारीण उपटली, तेव्हापासून मोटार शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यांच्याशी अबोला धरला होता. पण मागच्या अंगणात बसलं की कुंपणापलीकडे डॉक्टर दिसायचेच. शेवटी मास्तरांनी कुंपणालगत सूर्यफुलं लावली.

“पुरुषभर वाढतात. त्या माणसाचं दर्शन बंद!” ते बायकोला म्हणाले.

रोपं तरारली, कळ्या धरल्या. संध्याकाळी मास्तर चहा घेऊन बसत, तेव्हा झाडून साऱ्या कळ्या त्यांच्याकडे वळलेल्या असत.

“बघ! माया लावली की झाडांनाही कळतं.”

“मावळतीचं ऊन आपल्या बाजूला असतं, म्हणून. सकाळी कुठे बघतात, तेही बघा एकदा.”

सकाळी मास्तर शिकाऊ चालकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेले असत. बघणार कधी?

मग फुलं उमलली. ताटाएवढी, पिवळीधमक, आणि सगळीच्या सगळी डॉक्टरांच्या घराकडे तोंड करून. संध्याकाळ झाली तरी एक वळेल तर शपथ! मास्तरांच्या वाट्याला नुसत्या हिरव्या पाठी.

“फितूर झाली!”

“अहो, फितूर कसली? कोवळी असेपर्यंत मान उन्हामागे फिरते. फूल मोठं झालं की उगवतीकडे तोंड करून आखडते. मी तेव्हाच सांगणार होते, पण तुम्ही ऐकून घ्याल तर ना!”

मास्तरांनी आताही ऐकलं नाही. ते स्टुलावर चढले आणि स्टिअरिंग फिरवावं तसं सगळ्यांत मोठं फूल दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवू लागले. कट्‌! फूल निसटलं आणि पलीकडे पेपर वाचत बसलेल्या डॉक्टरांच्या मांडीत पडलं.

डॉक्टर उठले. कुंपणावर मास्तरांचं फक्त डोकं दिसत होतं.

“मास्तर, हे मला?”

मास्तरांचा आ वासलेला.

“रोज वाटायचं, इतकी फुलं मुद्दाम आमच्याकडे तोंड करून का लावली असतील? चूक माझी, आणि पहिलं पाऊल तुम्ही टाकलंत!” डॉक्टरांचा आवाज भरून आला.

मास्तरांनी मागे पाहिलं. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. त्यांनी घसा खाकरला.

“छे हो, त्यात काय एवढं! शेजार म्हटला की एवढं करावंच लागतं.”

हल्ली मास्तरांचा संध्याकाळचा चहा डॉक्टरांच्या अंगणात होतो. फुलं तिकडूनच छान दिसतात. अंधारून येतं, तरी दोघांच्या गप्पा संपत नाहीत. मग हिरव्या पाठींमागून हाक येते,

“अहो, जेवायला घरी येताय, की डबा तिकडेच पाठवू?”