चाटून पाहिलेली खेळणी

राठोडमामा खेळणी चाटायचे. चोरून नाही, भर ऑफिसात, पंख्याखाली, साहेबांच्या देखत.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. अंगणवाड्यांचं सामान आमच्या ऑफिसात यायचं. मामा तिथले स्टोअरकीपर, मी शेजारच्या टेबलावरचा कारकून. एक दिवस वरून परिपत्रक आलं : 'खेळणी बालकांसाठी सुरक्षित असल्याची खात्री करूनच वाटप करावे.' खात्री कशी करायची, ते लिहायचं राहून गेलं होतं. बाकीच्यांनी परिपत्रक फाईलला लावलं. मामांनी मनाला लावलं.

"लेकरू खेळणं आधी कुठं घालतं? तोंडात. मंग मी काहून घालू न्हाई?" असं म्हणत ते खुळखुळा चाटायचे, बाहुलीचा डोळा दातानं ओढायचे, मोटारीची कड गालावरून फिरवून बघायचे. आमच्या गालावर ब्लेडच्या खुणा असत, मामांच्या गालावर मोटारीच्या. खेळणं पास झालं की "बराबर!" नापास झालं की "लेकराला तकलीफ!"

मार्चच्या तोंडावर लाकडी खेळण्यांचा टेम्पो आला. मामांनी एक बैल उचलून चाटला आणि जीभ बाहेर काढली. लालभडक.

"अहो, हे खेळायला आहे, चाटायला नाही," पुरवठादाराचा माणूस म्हणाला. "प्रमाणपत्र आहे आमच्याकडे."

"मंग तुमी चाटा."

त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे.

"राठोड, सही करा. मार्चअखेर निधी परत जाईल."

"जाऊ द्या साहेब. निधीला पोट न्हाई, लेकराला हाय."

आणि पोचपावतीवर त्यांनी लिहिलं : 'चाटून पाहिले. रंग सुटतो. कडू.'

असल्या शेऱ्यावर बिल निघेना. सगळा माल कुलपात गेला. साहेबांनी मात्र वर कळवलं, 'सर्व खेळणी सुरक्षित ठेवण्यात आली आहेत.' वरून शाबासकी आली.

पुढच्या आठवड्यात आहाराची पोती पोचवायला मामा आणि मी जीपनं डोंगरकड्याच्या पुढच्या एका तांड्यावर गेलो. खेळणी येणार, ही बातमी आमच्या आधीच तिथं पोचली होती. जीप थांबताच पोरं धावत आली, मागं डोकावली, तर नुसती पोती. एका चिमुरडीनं मामांचं बोट धरलं. "खेळणं कुटं हाय?"

साहेबांना न भ्यालेला माणूस तिच्यापुढं चाचरला. "येऊन राहिलंय, बाई..." त्यांनी चपला काढल्या आणि अंगणात चक्क ओणवे झाले. "बस. हा घोडा."

मग रांगच लागली. गुडघ्याला खडी टोचत होती, इस्त्रीची पँट मातीत लोळत होती, आणि मामा खिंकाळत अंगणवाडीला फेऱ्या घालत होते.

सेविकाताई हसत म्हणाल्या, "मामा, नातवंडांनी चांगलं तयार केलंय तुमाला! किती हायेत?"

"न्हाईत," मामा खालूनच म्हणाले. "लेकरूच झालं न्हाई आमाला."

ताईंचं हसू विरलं. मी उगाच एका पोत्याला हात घातला.

मामांनी पाठ जरा सपाट केली. "कॉलर घट्ट धर बाई," ते वरच्या पोरीला म्हणाले, "पडशील."